बाबूना, गाजरगवत आणि माझ्या पापण्या

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत मागच्या रविवारी कॅमोमाइलच्या चहावर अर्धं पान आलं होतं. मी ते कापून ठेवलंय. लेख वाचनीय होता, फुलांचा फोटो भला मोठा होता (त्याबद्दल शेवटी लिहिते), आणि मजकुरात एक वाक्य होतं, की हा चहा संपूर्ण नैसर्गिक असल्यामुळे त्याचा कसलाही दुष्परिणाम नाही, लहानथोर सगळ्यांनी निर्धास्त घ्यावा. ते वाचून मी चष्मा काढला आणि आरशासमोर जाऊन उभी राहिले. माझ्या डाव्या पापणीवर अजून काळसर डाग आहे. तो ह्या निर्धास्तपणाचाच प्रसाद.

आधी मी कोण ते सांगते, नाहीतर वाटायचं की कुठलीतरी म्हातारी चिडून लिहितेय. (म्हातारी आहे, चिडलेयही, पण तेवढंच नाही.) मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागात ३१ वर्षं प्रयोगशाळा सहाय्यक होते. प्राध्यापक फळ्यावर कुळाचं नाव लिहायचे. त्या कुळाची फुलं सकाळी सातच्या आत मंडईतून नाहीतर पर्वतीच्या पायथ्यावरून गोळा करायची, ओल्या फडक्यात गुंडाळून आणायची आणि प्रत्येक टेबलावर चार-चार मांडायची, हे काम माझं. त्यामुळे माझं ज्ञान पुस्तकातलं कमी आणि बोटांतलं जास्त.

सूर्यफुलाच्या कुळाचं प्रात्यक्षिक दर वर्षी असायचं. झेंडू, शेवंती, सूर्यफूल आणि मैदानाच्या कडेची एकदांडी. मुलांना गंमत वाटायची ती एवढीच, की ज्याला आपण एक फूल म्हणतो ते एक फूल नसतंच. ती फुलांची पंगत असते. कडेची प्रत्येक पांढरी किंवा पिवळी पाकळी हे स्वतंत्र फूल, आणि मधल्या पिवळ्या गादीत शेकडो बारीक नळ्या दाटीवाटीने बसलेल्या, तीही एकेक फुलंच. कॅमोमाइल ह्याच कुळातलं. हे तुमच्या लेखात कुठेही नव्हतं, आणि पुण्याच्या वर्तमानपत्रात नेमकं हेच असायला हवं होतं. का, ते पुढे येईलच.

कॅमोमाइल वाईट आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. उलट लेखात त्याची जी ओळख करून दिली, 'अलीकडे भारतात आलेलं परदेशी पेय', ती त्या बिचाऱ्यावर अन्याय करणारी आहे. आपल्याकडे ते युनानी हकिमांच्या हातून आलं, म्हणून त्याचं नाव फारसी आहे: बाबूना. हकिमांचं रोगन-ए-बाबूना, म्हणजे ह्या फुलांचं तेल, सांधेदुखीवर चोळायला पिढ्यान् पिढ्या वापरात आहे. कॅमोमाइल ह्या शब्दाच्या मुळाशी ग्रीकमधले दोन शब्द आहेत, जमीन आणि सफरचंद. फुलं चुरडली की सफरचंदासारखा वास येतो म्हणून. स्पेनमध्ये त्याला मांझानिया, म्हणजे छोटं सफरचंद, म्हणतात. मला स्वतःला तो वास सफरचंदापेक्षा उन्हात तापलेल्या गवताच्या गंजीचा वाटतो, पण ग्रीकांशी कोण वाद घालणार. आज उत्तर भारतात त्याची शेती होते. औषधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने त्याचं 'वल्लरी' नावाचं वाणही काढलंय. रब्बीचं पीक आहे, थंडी लागते. चोपण जमिनीतही तग धरतं, आणि बी इतकं बारीक की एका ग्रॅममध्ये हजारो बिया मावतात. पेरणाऱ्याने शिंकू नये म्हणजे झालं.

तर लेख यायच्या दोन-तीन महिने आधीच मी ह्या फुलांच्या नादाला लागले होते. त्याला कारण आमचा धाकटा. तो ब्रेमेनला असतो. औंधातल्या ब्रेमेन चौकात नव्हे, खऱ्या ब्रेमेनला. तिकडे गेल्या-गेल्या त्याचं पोट बिघडलं, तर घरमालकीणबाईंनी त्याला काय दिलं असेल? कॅमोमाइलचा बिनदुधाचा, बिनसाखरेचा काढा आणि कडक टोस्ट. आपण ओव्याचं पाणी आणि मऊ भात देतो तसंच. 'आई, ह्यांच्याकडे सगळ्यावर हेच,' त्याने फोनवर सांगितलं. 'पोट दुखलं, प्या. घसा बसला, गुळण्या करा. नाक चोंदलं, वाफ घ्या. काही झालं नसेल तरी प्या.' बाई काढा करताना कपावर पालथी बशी ठेवतात, हेही त्याने सांगितलं, आणि मला त्या बाई एकदम पटल्या. कारण ह्या फुलातलं निम्मं काम उडून जाणाऱ्या तेलाचं. झाकण नसेल तर घरभर सुवास दरवळतो आणि पोटात जातं पिवळं पाणी. जर्मनीत औषधी वनस्पती पारखायला सरकारने 'कमिशन ई' नावाची समिती नेमली होती. तिने १९८४ मध्ये कॅमोमाइलला मान्यता दिली ती पोटातली मुरड, आतड्याची आणि तोंडातली जळजळ, कातडीचा दाह अशा तक्रारींसाठी. मात्रा साधारण ३ ग्रॅम वाळलेली फुलं, दीडशे मिलिलिटर उकळतं पाणी, पाच-दहा मिनिटं झाकून. तुमच्या लेखात 'एक टी-बॅग दोन मिनिटं बुडवा' असं होतं. माझ्याकडच्या पाकिटातली एक पुडी दीड ग्रॅमची आहे. म्हणजे निम्मं औषध, त्यातही तेल उडालेलं. गुण येत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी आधी बशी शोधावी.

त्या तेलाची एक आठवण सांगितल्याशिवाय राहवत नाही. एका वर्षी एम.एस्सी.च्या एका मुलीने प्रकल्पासाठी बाबूनाची फुलं आणली. काचेच्या उपकरणात पाण्याबरोबर तीन-चार तास उकळायची, वाफ थंड करायची आणि नळीत जमणारं तेल मोजायचं. तिला प्राध्यापकांनी आधी काहीच सांगितलं नव्हतं. फुलं पिवळी-पांढरी, पाणी पिवळसर, आणि नळीत उतरू लागलं ते निळं. आकाशी वगैरे नव्हे, दौतीतल्या शाईसारखं गर्द निळं. मुलगी घाबरली. तिला वाटलं, आपण धुतलेल्या नळीत मागच्या प्रयोगाचा रंग राहिला, आता बोलणी बसणार. मला बोलवायला धावत आली. फुलात निळं काही नसतं. मॅट्रिसिन नावाचं एक बिनरंगाचं द्रव्य असतं, ते वाफेच्या उष्णतेने मोडतं आणि त्यातून कॅमाझुलीन तयार होतं, ते निळं. सूज उतरवण्याच्या गुणाचं श्रेय ज्या द्रव्यांना देतात त्यांतलं हे एक. तो दीड-दोन थेंबांचा निळा थर बघायला त्या दिवशी शेजारच्या रसायनशास्त्राचे लोकसुद्धा आले होते.

धाकट्याच्या फोननंतर मी रविवार पेठेत गेले. बोहरी आळीतून पुढे जाऊन काष्ठौषधीचं एक जुनं दुकान आहे. लाकडी खण, प्रत्येक खणावर खडूने लिहिलेलं नाव, आणि आत शिरलं की वेखंड, सुंठ आणि नागरमोथा एकदम नाकात. बाबूना मागितल्यावर गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, 'गुडघ्याला का, आजी?' म्हटलं, 'पोटाला आणि झोपेला.' त्याने मान हलवली आणि पन्नास ग्रॅमची पुडी बांधली. घरी येऊन मी जुनं भिंग काढलं, ब्लेड काढलं आणि वीस बोंडं उभी चिरली. खऱ्या जर्मन कॅमोमाइलची ओळख इथेच पटते. पिवळा घुमट मधोमध चिरला की आत पोकळी दिसते, घंटेच्या आत असते तशी. रोमन कॅमोमाइलचा घुमट भरीव असतो आणि त्यात फुलांच्या मध्ये बारीक खवले असतात. त्याच्याच जवळचं एक घाणेरड्या वासाचं तणही असं भरीव असतं, ते कातडीला फार वाईट, आणि स्वस्त मालात मिसळलेलं सापडतं. माझ्या वीसपैकी सतरा पोकळ निघाली, तीन भरीव. ती तिन्ही बाजूला काढली. काड्या मात्र भरपूर. हे मी अशासाठी सांगतेय की सुट्या फुलांत निदान असं चिरून बघता येतं. पुडीत भुगा असतो. त्यात फूल किती, देठ किती, आणि दुसऱ्याच कोणाचं फूल किती, हे भिंगाला काय, मायक्रोस्कोपलाही पटकन सांगता येणार नाही.

एवढी हुशारी केली आणि मूळ गोष्ट विसरले. ती म्हणजे मी स्वतः.

१९९२-९३ च्या पावसाळ्यात आमच्या महाविद्यालयाने गाजरगवत निर्मूलनाचं श्रमदान काढलं होतं. मुठा उजव्या कालव्याच्या कडेला आम्ही चार रविवार गवत उपटत होतो. हातमोजे नव्हते, असले तरी कोणी घातले नसते. मुलं गाणी म्हणत उपटत होती आणि मी ढीग रचत होते. चौथ्या रविवारनंतर माझ्या कोपरांच्या खाचा, मानेच्या घड्या आणि पापण्या लाल झाल्या, खाज सुटली, मग कातडी जाड होऊन सालं निघू लागली. दर वर्षी पावसाळ्यात तेच. शेवटी एका रुग्णालयाच्या त्वचा विभागात पाठीवर पट्ट्या चिकटवून तपासणी केली. दोन दिवसांनी पट्ट्या काढल्या तर एकच चौकोन रसरसून आला होता: पार्थेनियम, म्हणजे गाजरगवत. डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं, 'बाई, ह्याच्या भावंडांपासूनही जपा. शेवंती हाताळू नका, झेंडूचे हार ओवू नका.' गौरींच्या वेण्या त्या वर्षापासून जाऊबाई करतात. मार्केट यार्डातून आणलेल्या पिवळ्या शेवंतीच्या टोपलीकडे मी चार फुटांवरून बघते. गौरींनी समजून घेतलंय, जाऊबाई मात्र दर वर्षी आठवण करून देतात.

गाजरगवत आणि पुणं ह्यांचं नातं वाचकांना आठवत असेलच, पण नव्या पिढीसाठी लिहिते. हे गवत अमेरिका खंडातलं. भारतात त्याचा बोभाटा सुरू झाला तो पुण्यातून. गेल्या शतकात पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर इथल्या उकिरड्यांवर ते उगवलेलं आढळलं आणि १९५६ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध झाली. आयात केलेल्या गव्हाबरोबर बी आलं असं सर्रास सांगितलं जातं. त्यानंतर ते देशभर गेलं. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतं, कोणी चटकचांदणी. नाव सुंदर आहे, आणि दुरून ती बारीक पांढरी फुलं खरंच चांदण्या सांडल्यासारखी दिसतात. एका रोपाला हजारोंनी बिया. १९८४ मध्ये बंगळूरला मेक्सिकोहून आणलेले भुंगे त्याच्यावर सोडले, ते पानं खातात. पण आमच्या सोसायटीच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर ह्या जुलैत भुंगे कमी आणि गवत छातीएवढं, अशी परिस्थिती आहे. सांगायचा मुद्दा असा, की ज्या शहरात तीन पिढ्या ह्या गवताच्या परागात श्वास घेताहेत, कातडी खाजवताहेत आणि 'धुळीची ॲलर्जी आहे' असं म्हणून दिवस काढताहेत, त्या शहराला 'शेवंती-झेंडूच्या कुळातलं फूल निर्धास्त प्या' असं सांगण्याआधी थोडं थांबायला हवं.

मी थांबले नाही. ३१ वर्षं ज्या कुळाची फुलं टेबलांवर मांडली, त्याच कुळातलं फूल कपात घातलं आणि डोक्यात घंटा वाजली नाही. सुटी फुलं आणलेली, चिरून पारखलेली, म्हणजे आता काय भीती! तीन रात्री घेतला. झोप जशी रोज लागते तशीच लागली. चौथ्या दिवशी कोपरांच्या खाचा चुरचुरल्या. वाटलं, उकाडा आहे. त्याच आठवड्यात सूनबाईने ब्रेमेनहून पाठवलेलं पुड्यांचं पाकीट आलं आणि पाठोपाठ तिने मोबाइलवर एक चित्रफीतही धाडली: वापरलेल्या टी-बॅगा फ्रिजमध्ये गार करून डोळ्यांवर ठेवा, सूज उतरते, काळी वर्तुळं जातात. तुमच्याही लेखात शेवटच्या चौकटीत हेच होतं. मी दुपारी ठेवल्या. गार गार छान वाटलं. वीस मिनिटांनी उठले तर उजवा डोळा अर्धा उघडेना आणि डावा अजिबात उघडेना. आमच्या ह्यांनी चेहरा बघितला आणि आधी चप्पल घातली, मग काय झालं ते विचारलं. रिक्षात बसून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी डोळे धुतले, थेंब दिले आणि एकच प्रश्न विचारला: 'गाजरगवताचा त्रास आहे का?' मी हो म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत. त्या न बोलण्याने मला जेवढं लाजवलं तेवढं ३१ वर्षांत एकाही प्राध्यापकाने लाजवलं नव्हतं. सूज दोन दिवसांत उतरली. पण तिसऱ्या दिवशी पापण्यांवर तोच जुना जाडसर खाजरा पट्टा उमटला आणि त्याला जायला सहा आठवडे लागले. डाग अजून आहे.

नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की कॅमोमाइलच्या काढ्याने डोळे धुतल्यावर असं झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत फार आधीपासून छापून आलेली आहेत. गाजरगवताचा त्रास असलेल्या प्रत्येकाला कॅमोमाइल बाधतंच असं नाही, हे माझ्या त्वचेच्या डॉक्टरांनी आवर्जून सांगितलं. कोणाला काहीच होत नाही, कोणाला नुसती शिंक येते, आणि क्वचित एखाद्याचा घसा सुजून जीव घाबरा होतो. पण कोण कुठल्या गटात, हे कप तोंडाला लावण्याआधी कळत नाही. निदान पहिल्यांदा घेताना चमचाभर घ्यावा, डोळ्यांवर तर प्रयोगच नकोत.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती माझ्या पापण्यांपेक्षा गंभीर आहे. तळजाईवर आमचा सकाळचा गट आहे. वय वर्षं ६० ते ८३. तुमचा लेख आला त्या सोमवारी गटातले एक काका पाकीट घेऊनच आले, सगळ्यांना एकेक पुडी वाटली, आणि म्हणाले, 'आजपासून रात्री हेच.' ह्या काकांच्या हृदयाची झडप बदललेली आहे आणि त्यांना रक्त पातळ ठेवायची वॉरफरिनची गोळी चालू आहे. दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, तपासतात, पालेभाजी किती खायची ह्याचंही त्यांना माप आहे. मी त्यांना तिथेच बाकावर बसवलं आणि २००६ मध्ये कॅनडाच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेली एक हकिगत सांगितली. सत्तर वर्षांच्या एक बाई, वॉरफरिन चालू, सर्दी-खोकल्यासाठी कॅमोमाइलचा चहा भरपूर प्यायल्या, वर पाय सुजले म्हणून कॅमोमाइलचं मलमही चोळलं. शरीराच्या आत रक्तस्राव होऊन रुग्णालयात दाखल व्हावं लागलं. एकाच बाईंची गोष्ट आहे, मान्य. पण काकांचंही हृदय एकच आहे. ते म्हणाले, 'अहो, चहाच तर आहे!' तिथेच सगळी गोम आहे, संपादक महोदय. गोळी म्हटलं की माणूस डॉक्टरला विचारतो. काढा म्हटलं की निदान शेजारणीला तरी विचारतो. चहा म्हटलं की कोणालाच विचारत नाही.

झोपेबद्दल लेखात बरंच लिहिलंय, त्यावर थोडक्यात. अमेरिकेत २००९ मध्ये अतिचिंतेचा त्रास असलेल्या ५७ जणांवर आठ आठवडे प्रयोग झाला, तेव्हा कॅमोमाइलचा अर्क घेणाऱ्यांना खोट्या गोळीपेक्षा बेताचा, पण मोजता येईल इतका फरक पडला. २०११ मध्ये जुनाट निद्रानाश असलेल्या ३४ जणांवर महिनाभर केलेल्या दुसऱ्या प्रयोगात झोपेत म्हणावा असा फरक दिसला नाही. दोन्हीकडे अर्क दिला होता, चहा नव्हता. 'गाढ झोपेची हमी' हे शब्द ह्यातून कसे निघाले ते लेखकालाच ठाऊक. माझा स्वतःचा अंदाज असा, की रात्री साडेनऊला मोबाइल बाजूला ठेवून, गॅसपाशी उभं राहून, दहा मिनिटं बशी झाकून वाट बघणं, ह्यातच निम्मी झोप असते. पण तो अंदाज झाला.

तान्ह्या बाळांना पोटदुखीवर चमचा-चमचा द्यावा हे तर लेखातून काढूनच टाकायला हवं होतं. माझ्या आईनेही गुटी उगाळली, मीही उगाळली: सहाणेवर वेखंडाचे, मुरुडशेंगेचे, हळकुंडाचे मोजून वेढे. चुकून एक वेढा जास्त झाला तर सासूबाई डोळे वटारायच्या, कारण मात्रा बाळाची आहे हे त्यांना ठाऊक होतं. आज बालरोगतज्ज्ञ सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नको म्हणतात, मग उघड्या पोत्यातून आलेली फुलं कुठून?

आता मागणं. वेष्टनाच्या कायद्यात ॲलर्जीसाठी ज्या पदार्थांची नावं वेगळी छापावी लागतात त्यांत गहू, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे, सोयाबीन वगैरे आहेत. शेवंतीचं कुळ त्यात नाही, त्यामुळे पाकीट भरणाऱ्यांवर सक्ती नाही, हे मला कळतं. पण सक्ती नसली तरी एक ओळ छापायला शाई किती लागते? 'शेवंती, झेंडू किंवा गाजरगवताचा त्रास असणाऱ्यांनी घेऊ नये. रक्त पातळ करणारी औषधं चालू असल्यास डॉक्टरांना विचारावं.' मराठीत आणि चष्म्याशिवाय वाचता येईल एवढ्या अक्षरांत. माझ्याकडच्या पाकिटावर डोंगर आहे, चंद्र आहे, डोळे मिटलेली मुलगी आहे, आणि ही ओळ नाही. तोवर निदान आपल्या पुरवणीने ती चौकटीत छापावी, जिथे टी-बॅगांची युक्ती छापली होती, बरोब्बर त्याच जागी.

माझ्याकडची सुटी फुलं मी टाकलेली नाहीत. ह्यांना शेवंती चालते, झेंडू चालतो, रक्त पातळ करणारी गोळी नाही. जेवण जड झालं की रात्री ते स्वतःच करून घेतात, बशी झाकून. मी तेव्हा बाहेरच्या खोलीत बसते. पोटाला आराम पडतो म्हणतात. झोपेचं विचारू नका, ते गेली ४४ वर्षं उशीला डोकं टेकायच्या आत घोरतात.

कळावे,
आपली एक जुनी वाचक,
सहकारनगर, पुणे

(कृपया नाव छापू नये. तळजाईवरच्या काकांना रोज भेटायचं असतं.)

ता. क. : फोटोबद्दल. तुम्ही छापलेलं फूल कॅमोमाइलचं नाही. कॅमोमाइल उमलून दोन दिवस झाले की मधला पिवळा भाग फुगून टोपीसारखा वर येतो आणि पांढऱ्या पाकळ्या खाली लोंबतात, पावसात भिजलेल्या छत्रीसारख्या. फूलही फार तर एक रुपयाच्या नाण्याएवढं. तुमच्या फोटोत गादी सपाट आहे, पाकळ्या ताठ आहेत आणि फूल शेजारच्या कपाएवढं आहे. ती बागेतली डेझी आहे. कुळ मात्र बरोबर आहे.